मूठभर कोंड्याचा शमुवेल

मलकाबाईनं माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं माझ्या सासूनंपण खाल्लं नाय, आणि माझी सासू काय चीज होती ते अख्ख्या गावाला ठाऊक हाय. आमचं गाव कर्जतहून खालापूरला जाताना मधेच लागतं. तिचं घर नि माझं घर, मधी एक कुडाची भिंत. तिकडं मिरची भाजली की इकडं मला ठसका. तिच्या मागच्या पडवीत तेलाचा घाणा. बैल डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरायचा आणि त्या घाण्याची कुरकुर ऐकून माझे कान किटले होते. शनवारी तेवढा बंद. ती माणसं इस्रायल, म्हंजे यहुदी, शनवारी कामाला हात लावायची नायत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तिचा नवरा हसाजी गरीब माणूस, घाण्याच्या बैलाइतकंच बोलायचा.

बाई स्वभावानं वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. तिचा रोग वेगळाच. तोंडातून शब्द गेला की तो पाळायचाच, आणि खोटं म्हणून बोलायचं नाय. एकदा मला म्हणाली, जयवंता, उद्या तुला वाटीभर तिळाचं तेल देते. आता मी काय दुसऱ्या दिवशी घरी नव्हते, कोंडाण्याला माझं माहेर, तिथं गेले होते. तर दुपारी ही बया दारात हजर. एवढं अंतर उन्हातून चालत, हातात वाटी, वर पळसाचं पान. अर्धं तेल लुगड्यावर सांडलेलं. मी म्हटलं, अगं परवा दिलं असतंस तर मी काय मेले असते? तर म्हणाली, मी उद्या म्हटलं होतं. माझ्या आईनं तिला भाकरी वाढली आणि माझ्याकडं असं बघितलं की हिला कुठून आणलीस.

तिची तीन मुलं गेली. पयलं सव्वा महिन्याचं, दुसरं दात येताना, तिसरी मुलगी देवीच्या साथीत. मला तर एकपण झालं नाय. एका कुडाच्या दोन बाजू. तिच्याकडं पाळणा हलायचा नि थांबायचा, माझ्याकडं पाळणा कधी आलाच नाय. माझा नवरा सहदेव यावरून मला कधी बोलला नाय, ते एक त्याचं बरं.

चौथ्या वेळी तिनं एलियाहू नबीला मलिद्याचा नवस केला. हा त्यांचा मोठा नबी, सगळे त्यालाच नवस करतात. पोर जगलं तर भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं असं ताट मांडून प्रार्थना करीन, एवढाच नवस. एवढाच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा घोळ त्याच्यावरच झाला. पोर झालं, मुलगा. आणि मी म्हटलं, मलके, तुझा नबी त्याचं बघेल, पण आपल्याकडं पोरं जगत नसली की नवं पोर विकतात, ते आपण करू. आईनं मूल शेजारणीच्या सुपात टाकायचं, शेजारणीनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, आणि मग पोसायला म्हणून आईकडंच द्यायचं. मरणाला वाटतं, ह्या घरातलं नव्हं हे, आणि ते दार चुकतं. त्यांच्या बायकापण हे करायच्या, गावात रायलं की गावासारखंच होतं. तिनं पोर माझ्या सुपात ठेवलं, मी तांदळाचा कोंडा तिच्या ओटीत टाकला. म्हटलं, आजपासून हा माझा कोंड्या. तू नुसती दाई.

आठव्या दिवशी पनवेलहून त्यांचा काजी आला. त्यांच्यात धर्माचं करणाऱ्याला काजी म्हणतात. सुंता झाली, नाव ठेवलं शमुवेल. घरात समाजी म्हणायचे. मी कोंड्याच म्हणत होते. पोर गुटगुटीत निघालं, मलिदा झाला, नवस फिटला. इथं गोष्ट संपायला पायजे होती.

पण हसाजीचा थोरला भाऊ होता ना, एलोजी. मुंबईत सुतारकामाचा मिस्त्री, तिथं चार बुकं वाचायला शिकलेला. वर्षाला एकदा त्यांच्या सणानंतर यायचा, डोक्यावर टोपी आणि काखेत मराठीत छापलेलं त्यांचं शास्त्र. पोर आठ महिन्यांचं होतं तेव्हा आला, ओटीवर बसला आणि विचारलं, नाव काय ठेवलं? शमुवेल. झालं. त्याला तेवढंच निमित्त. बुक उघडलं आणि सगळ्यांना ऐकवायला लागला. मीपण होते, तांदूळ निवडत.

हन्नाबाई नावाची कोणी होती. मूल होत नव्हतं. सवत तिला टोचून बोलायची. मग ती देवाच्या घरी जाऊन रडली आणि म्हणाली, देवा, मला मुलगा दे, मी तो तुलाच देऊन टाकीन. मुलगा झाला. देवाजवळ मागून घेतला म्हणून तिनं नाव ठेवलं शमुवेल. आणि त्याचं दूध तुटल्याबरोबर त्याला नेऊन देवाच्या घरी ठेवला, तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या हाताखाली. दरसाल त्याला एक लहान अंगरखा शिवून न्यायची आणि घालून परत यायची.

मलका दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलायची नाय, तोंडावर पदर. हळूच मला म्हणाली, विचार त्यांना, दूध तुटल्यावर लगेच? मी विचारलं. एलोजी हसला आणि म्हणाला, लगेच. आणि आपल्या शमुवेलचंही दूध तुटलं की मी त्याला मुंबईला नेणार. मशिदीत बसून पवित्र भाषा शिकेल. घराण्यात एक तरी वाचणारा हवा. मशीद म्हंजे त्यांचं प्रार्थनेचं घर, ते त्याला तसंच म्हणायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला वाटलं त्यानं चांगलंच सांगितलं. निवडलेले तांदूळ घेऊन मी घरी गेले, आणि मागं काय पेटलं त्याचा मला पत्ता नव्हता.

दीड वर्षाचं झालं पोर, दूध चालू. ठीक. दोन वर्षांचं झालं, म्हटलं आता तोड. ती म्हणाली, बघू. तीन वर्षांचं झालं. भाकरी खायचं, सुकट खायचं, पेंडेचा तुकडा बैलाच्या तोंडातून काढून खायचं, आणि वर येऊन आईच्या पदरात शिरायचं. चार वर्षांचं झालं तेव्हा मी तिला धरून बसवलं आणि म्हटलं, आता सांग काय ते.

तेव्हा बाहेर आलं. ती म्हणाली, नाव शमुवेल हाय. शमुवेल म्हंजे देवाजवळ मागितलेला. मागितलेला परत द्यावा लागतो, दूध तुटलं की. मी म्हटलं, अगं पण नवस तू बोललीस का? तू मलिदा बोललीस, तो घातलास. नवस त्या हन्नाबाईचा, ती मरून किती पिढ्या झाल्या. एकीनं बोलायचं नि दुसरीनं फेडायचं, हा कुठला न्याय? ती म्हणाली, नाव तिच्या पोराचं घेतलं ना आपण. नावाबरोबर नवस आला. वाघ्याचं काय झालं मग?

हे मला कळलं. मलकाच्या माहेराजवळच्या वाडीत एका बाईनं खंडोबाला पोर वाहिलं होतं. खरं नाव काय होतं कोणाला आठवत नाय, वाघ्याच म्हणायचे. सात वर्षांचा झाला नि गळ्यात भंडाऱ्याची पिशवी घालून जेजुरीकडं नेला, तो पुन्हा आईला दिसला नाय. मलका लहान होती तेव्हा त्या आईला तिनं रस्त्यात बसलेली पायली होती. त्यांच्या देवाला पोर वाहत नायत, हे तिला कोण सांगणार? बुकात तर सरळ लिहिलं होतं, आणि बुक वाचणारा थोरला दीर.

आता दुसरी एखादी बाई असती तर काय केलं असतं? दूध तोडलं असतं आणि दीर आला की म्हटलं असतं, अजून पितंय. मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, खोटं कसं बोलू? कपाळ माझं. खोटं बोलायचं नाय म्हणून ही पाच वर्षांच्या घोड्याला पाजत बसली. एलोजी दरसाल यायचा, ओटीवरनं विचारायचा, दूध तुटलं का? आतून उत्तर जायचं, नाय. आणि ते खरं असायचं. एलोजी मान हलवायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी. हसाजी लाजेनं घाण्यामागं जाऊन बसायचा.

मी काय कमी उपाय केले? एकदा ती झोपली होती तेव्हा कडुनिंबाचा पाला वाटून तिच्या छातीला लावला. पोरानं चाटलं, तोंड वाकडं केलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा लागलं. तेल्याचं पोर, कडू पेंड खाल्लेलं, त्याला निंबाचं काय. ती जागी झाली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाय. तरी पण त्या आठ दिवसांत रोज सकाळी उंबऱ्यावर तेलाची पळी होतीच, कारण ती कधीतरी देते म्हणाली होती.

मग मी काजीला धरलं. त्यांच्यातल्या एका लग्नाला तो खालापूरला आला होता. मांडवाबाहेर गाठलं आणि म्हटलं, बाबा, शमुवेल म्हंजे काय ते एकदा सांगा. तो म्हणाला, देवाने ऐकलं. मी म्हटलं, एलोजी तर सांगतो, मागितलेला. दाढीला हात लावून तो म्हणाला, हन्नाबाई तसं म्हणाली खरी. पण अक्षरं फोडून बघितली तर त्यात मागणं येत नाही. त्यात नाव येतं आणि देव येतो. त्याचं नाव देव, असाही अर्थ आहे. मी म्हटलं, अहो, एवढुसं नाव आणि तुमी दोन माणसं मिळून तीन अर्थ सांगताय, तिकडं बाईचा जीव चाललाय. एक काय ते ठरवा. तो म्हणाला, मोठमोठ्यांनी ठरवलं नाही, मी कोण? आणि जेवायला बसायला आत गेला.

तरी मला आनंद झाला. पळत घरी आले, मलकाला म्हटलं, बघ, अक्षरांत मागणं नायच. त्याचं नाव देव. काही परत द्यायचं नाय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काजी बाळंत झालाय का कधी? मी म्हटलं, म्हंजे? ती म्हणाली, नाव आईनं ठेवलं. ती म्हणाली मागितलेला, तर मागितलेला. अक्षरांना काय कळतंय. मी माझ्या घरी जाऊन भांडी आपटली.

शेवटी निकाल पोरानंच लावला. सहावं सरत आलं होतं. पाताळगंगेवर पोरं डुंबत होती. गुरवाचा पदू त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, तुझी आई हाक मारतेय, दूध प्यायला जा. पोरं हसली. कोंड्या ओल्या अंगानं घरी आला, मलकानं पदर पुढं केला, तर म्हणाला, नको, मी मोठा झालो. एवढंच. मी कुडाच्या अलीकडं उभी होते. मला एकदम रडूच आलं. सहा वर्षं मी हेच व्हावं म्हणून डोकं फोडत होते.

आता तरी तिनं गप बसावं ना? दुसऱ्या दिवशी बघते तर बाई अंगरखा शिवतेय. लहान, पांढरा, बाहीला दुहेरी टाके. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, हन्नाबाईनं शिवला होता. दूध तुटलं. भावजी विचारतील तेव्हा मला हो म्हणावं लागेल. डोळे सुजलेले आणि टाके सरळ. मला इतका संताप आला की सुईच काढून घेतली. तिनं दुसरी आणली.

एलोजी आला तो सणानंतर. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, दूध तुटलं का? आतून आवाज गेला, तुटलं. त्याला एवढा आनंद झाला की उठून उभा रायला. कर्जतची सकाळची गाडी धरायची ठरलं. बैलगाडी सांगितली. कोंड्या तर नाचत होता, त्याला आगगाडी बघायची होती, आईचं काय होतंय याची त्याला शुद्ध नव्हती. मलकानं गाठोडं बांधलं, त्याला अंगरखा घातला, केसांना तेल लावलं. तेल कानावरनं ओघळलं तरी ती लावतच होती.

मी माझ्या दारातनं बघत होते. माझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं, त्यांच्या घरातलं हाय, तू मधी पडू नको. मी आत गेले, भिंतीवरचं सूप काढलं आणि सरळ त्यांच्या अंगणात जाऊन गाडीसमोर उभी रायले.

म्हटलं, एलोजी भाऊ, पोर कोणाला विचारून नेताय?

तो म्हणाला, त्याच्या आईबापाला.

मी म्हटलं, आई मी हाय. जन्मल्या दिवशी ह्याच सुपात मूठभर कोंडा देऊन घेतलाय त्याला. ही नुसती दाई हाय, सहा वर्षं पाजलं, आता तिचं काम संपलं. दुसऱ्याचं पोर देवाला वाहायचं असं तुमच्या बुकात कुठं लिहिलंय ते काढून दाखवा. हन्नाबाईनं तिचं पोर विकलं होतं का कोणाला?

एलोजी म्हणाला, जयवंताबाई, हे असलं आमच्या धर्मात नाही. तो खेळ झाला.

आणि तेव्हा मलका बोलली. दिरासमोर, पदर मागं सारून, आयुष्यात पयल्यांदा. म्हणाली, खेळ नव्हता भावजी. मी विकलाय. शब्द दिला होता. जे आपलं नाय ते देवाला कसं देऊ?

एलोजी सूप बघत रायला, मग तिच्याकडं, मग हसाजीकडं. हसाजी म्हणाला, विकलाय खरा. वर्षभरात त्याचं तेवढंच बोलणं असेल. एलोजी माणूस वाईट नव्हता. गाठोडं त्यानं स्वतः गाडीतनं खाली उतरवलं आणि म्हणाला, मग मी वर्षाला पंधरा दिवस जास्त राहीन, इथंच शिकवीन. आणि तसं त्यानं केलं. कोंड्या आगगाडी गेली म्हणून दिवसभर भोकाड पसरून रडला आणि मला चावला.

आता सगळं सुरळीत व्हावं? नाव काढू नका. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. देवाच्या हातून पोर सोडवलं, तर ही मला भ्यायला लागली. केस कापायचे, जयवंता, कापू का? आजोळी न्यायचं, जयवंता, नेऊ का? पोर माझ्याकडं एकटं पाठवायची नाय, स्वतः बरोबर यायची, आणि तो माझ्या मांडीवर बसला की दाराकडं बघत बसायची. मी एकदा फाडकन म्हटलं, मी काय त्याला खाणार हाय? ती म्हणाली, तुझाच हाय, मी कोण बोलणार. मला तिचा राग आला. खरं सांगते, राग यायला कारण होतं. त्या दिवशी अंगणात मी म्हटलं ना, आई मी हाय, तेव्हा माझा आवाज फाटला होता. तेवढ्या वेळापुरतं मला ते खरं वाटलं होतं. आणि मलकानं ते पायलं होतं. दुसऱ्या कोणाला कळलं नाय, पण तिच्यापासून काय लपत नाय.

मी परत विकते म्हटलं तर घ्यायची नाय. घेतला की पुन्हा हन्नाबाईचा नवस डोक्यावर. अशी तेरा वर्षं गेली. तिचा घाणा कुरकुरतोय, माझ्या दारात तेलाची पयली धार, पयला आंबा, सणाची पयली वाटी, सगळं मालकाला द्यावं तसं येतंय, आणि माझ्या तोंडाला एक घास गोड लागत नाय.

कोंड्या एकोणीस वर्षांचा झाला. पेणची मुलगी बघितली. एक दिवस दुपारी दार वाजलं. माझं दार कोण वाजवणार, सताड उघडं असतं. बघते तर मलका, नवं लुगडं, हातात नारळ. पंचवीस वर्षं जी बाई न विचारता आत येऊन माझ्या मडक्यातलं पाणी पीत होती, ती उंबऱ्याबाहेर उभी. म्हणाली, जयवंता, समाजीचं लग्न करायचं म्हणतोय आमी. तुझी परवानगी हाय का?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सूप काढलं, तेच, कडा झिजलेलं, तिच्यासमोर आपटलं आणि म्हटलं, कोंडा आण. आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, आणि नवस? मी म्हटलं, नवस दूध तुटल्यावर द्यायचा होता. तेव्हा पोर तुझं नव्हतं. वेळ टळून गेली. आता दाढीमिशा आलेला नवरदेव घेऊन तुमचा देव काय करणार? हे बुकात बघ नायतर काजीला विचार, पण आधी कोंडा आण.

तिचं मन ते सगळीकडनं तपासत होतं, मला दिसत होतं. मग गेली. मूठभर कोंडा घेऊन आली, चाळलेला, खडा काढलेला. सुपात टाकला. म्हणाली, घेतला. आणि भिंतीला टेकून खाली बसली, पंचवीस वर्षं बसायची तशी, पाय पसरून. मला वाटलं, सुटलो बाई दोघी.

थोड्या वेळानं म्हणाली, जयवंता, मी त्याला देवाजवळ मागितला. तू कोणाजवळ मागितला होतास?

मी म्हटलं, मी कशाला मागू. मला फुकट मिळाला होता.

ती म्हणाली, मग एकदा माग. माझ्याजवळ माग. मी नाय म्हणणार नाय.

आणि ही बाई खोटं बोलत नाय, हे मला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. मी मागितला असता तर तिनं त्याला लग्नाच्या मुंडावळ्यांसकट माझ्या घरी आणून सोडला असता, आणि परत जाऊन घाण्याला बैल जुंपला असता. शब्द अगदी जिभेच्या टोकाला आला होता माझ्या. मी सूप उचललं आणि म्हटलं, हो बाजूला, चुलीवर दूध उतू जातंय. आणि आत गेले. चूल सकाळीच विझली होती, तिला ते बसल्या जागेवरनं दिसत होतं.